पंपघरामागचा बाक

रविवारचा लांबचा पल्ला पळून आला की माझा नवरा आंघोळीआधीच हॉलमधल्या सतरंजीवर पालथा पडायचा आणि मी त्याच्या पोटऱ्या मोकळ्या करून द्यायचे. लग्नाआधीपासूनचा हा शिरस्ता. मी फिजिओथेरपिस्ट, तो नगरपालिकेत नकाशे काढणारा. शहराच्या मॅरेथॉनला शेवटच्या रेषेपाशी वैद्यकीय तंबू लागतो, तिथंच आमची ओळख झाली होती. त्याच्या डाव्या पोटरीत आतल्या बाजूला वाटाण्याएवढी एक गाठ होती. दर रविवारी मी ती दाबून सैल करायचे, पुढच्या रविवारपर्यंत ती परत यायची. लोक हसतील, पण मला ती गाठ आवडायची.

यंदा मॅरेथॉनचं पन्नासावं वर्ष. त्या निमित्ताने समितीने शर्यत जुन्या मार्गाने न्यायची ठरवली होती, तलावाच्या कडेने, बंद पंपघरावरून. हाही सरावाला तिकडेच जाऊ लागला. आणि एका रविवारी माझ्या अंगठ्याखाली गाठ लागलीच नाही.

आमच्या धंद्यात दुसऱ्याचा हात ओळखता येतो, शिंप्याला दुसऱ्याची शिवण कळते तसा. या पोटरीवरून कुणाचा तरी हात फिरला होता. आणि तो माझ्याहून चांगला होता.

"कुणाकडे जातोस?" मी विचारलं.

"कुणाकडे जाणार? तू आहेस की घरात."

"मग हे कुणी केलं?"

"पंपघरामागे दगडी बाक आहे. तिथं जरा टेकतो. उठलो की पाय हलके झालेले असतात." तो उठून बसला. "आता तू नाही चोळलेस तरी चालेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंदेला सांगितलं तर ती खो खो हसली. "वहिनी, म्हणजे तुला सवत आली. तीही पायांपुरती." मीही हसले. त्या रात्री मात्र तो झोपल्यावर त्याच्या पोटरीवर हात ठेवून मी बराच वेळ जागी होते.

माझ्याकडे गुडघ्यासाठी एक म्हातारे काका यायचे. पूर्वी ते या शर्यतीत घड्याळ धरून उभे राहायचे. त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, जुना मार्ग सोडला का होता?

"रस्त्याचं काम होतं, असं छापलं होतं," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तेव्हा तंबूबिंबू नव्हता. पंपघरामागच्या बाकावर एक बाई बसायची. समितीची नव्हे. दमलेला माणूस तिथं टेकायचा, ती पाय मोकळे करून द्यायची."

"दिसायला कशी होती?"

"तीच तर गंमत. प्रत्येक जण म्हणायचा, अगदी आमच्या हिच्यासारखी. शेवटी दोघा-चौघांच्या बायका समितीत भांडायला आल्या. मग मार्गच बदलला."

"आणि ती कुठे गेली?"

काकांनी गुडघा माझ्या हातातून हळूच सोडवून घेतला. "ती आली कुठून होती, हे तरी कुणाला ठाऊक होतं?"

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. कुणीतरी हाडामांसाची बाई असणार, आणि मला तिला एकदा बघायचंच होतं. शर्यतीच्या दिवशी तंबूतलं काम दुसऱ्यांवर सोपवून, घरी काही न बोलता, मी सकाळीच पंपघर गाठलं. भिंतीला ओल होती, तलावाकडून गार वारा येत होता. बाक रिकामा होता. मी त्यावर बसले. ती आलीच, तर तिला जागा मिळू द्यायची नव्हती.

कोणी आलं नाही. रस्त्यावरून पावलांचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने एक पोक्त गृहस्थ रस्ता सोडून सरळ भिंतीमागे आले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, आणि एक शब्द न बोलता त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला. डोळे मिटून घेतले.

मी 'अहो' म्हणायला तोंड उघडलं, तोवर माझे हात कामाला लागले होते. जिथं मी कधीच थांबत नसे, तिथं अंगठे थांबत होते. ते उठून गेले. दुसरा आला. मग एक मुलगी.

मग हा आला.

माझ्याकडे बघून त्याने मान लववली. परक्या बाईला बघून लववतात तशी.

"आज गर्दी आहे तुमच्याकडे," तो म्हणाला.

"अरे, मी आहे," मी म्हटलं. तो नुसता हसला. मी हवापाण्याचं काही बोलले असावे तसा.

त्याने डावा पाय पुढे केला. गाठ होती, पूर्वीसारखीच. मी अंगठा ठेवला आणि ती साखरेसारखी विरघळली.

"घरी कळू देऊ नका हं," तो डोळे मिटून म्हणाला. "बायकोला वाईट वाटेल. तिलाही येतं थोडंफार."

तो उठला, पळत गेला. वळून पाहिलं नाही.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा, आणि तो कुणाचा करायचा हेच कळेना.

शेवटचा धावणारा गेल्यावरच मला बाकावरून उठता आलं. तंबूकडे न जाता मी थेट घरी आले. हा कोचावर पाय लांब करून बसला होता, गळ्यात पदक तसंच. नणंद चहा गाळत होती.

"कुठे राहिलीस गं?" ती म्हणाली. "आम्ही तंबूतून निघालो तेव्हा म्हणालीस, मागोमाग येतेच."

मी कोचाशी खाली बसले आणि सवयीने त्याच्या पोटरीकडे हात नेला. त्याने पाय जवळ ओढून घेतला, प्रेमानेच.

"आता राहू दे. तंबूत केलंस तेवढं पुरे झालं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत असा हात लागला नव्हता तुझा."