अकरा माणसं मोजली होती

लेक दुपारी झोपली की मला अर्धा तास मिळतो. तेवढ्यात लिहितेय. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

रात्र वगैरे नव्हती. १८ एप्रिल २००६. मंगळवार. भर दुपार.

वडप्याचं एक एक्सपोर्ट गोडाऊन. मी तिथे कागदपत्रं बघायचे. मला सहावा महिना होता.

पूर्वी आमच्या कंटेनरला सरकारी ऑफिसर येऊन सील लावायचा. त्या वर्षी कस्टमने आमच्यावर विश्वास ठेवला आणि सील आमच्याच हातात दिलं. अमेरिकेच्या पार्टीची अट मात्र कडक होती. माल भरण्याआधी रिकामा कंटेनर तपासायचा. एक माणूस आत जाणार, बाहेरून दारं बंद होणार. पत्र्याला कुठे भोक असेल तर आत उजेड दिसतो.

आत जाणारा आमचा चिंधू. वडप्याचाच, पंचविशीतला. अंधार मिट्ट असला की तो आतून दोनदा ठोकायचा आणि ओरडायचा, "काळोख हाय!"

मग दार उघडायचं, तो बाहेर यायचा आणि मी कागदावर दोन खुणा करायच्या. आत गेला. बाहेर आला.

त्या दिवशी चिंधूने येताना पळसाच्या पानात करवंदं आणली होती.

"विनिताताय, आंबट खा. पोरगीच होनार बघ."

"तुला कसं कळलं रे?"

"माजी आय सांगते. तिचं कदी चुकत न्हाय."

तो हसत आत गेला. दारं बंद झाली.

ठक ठक.

"काळोख हाय!"

तेवढ्यात पोटात बाळ जोरात फिरलं. मी खाली बघितलं, पोटावर हात ठेवला आणि… दोन्ही खुणा एकदम करून टाकल्या.

त्याला बाहेर येताना मी बघितलंच नाही.

दार उघडलं. माल भरणं सुरू झालं. तीनशे बॉक्स. आत कोणी असतं तर भरणाऱ्यांना दिसलंच असतं. असतंच ना?

अडीच वाजता सुपरवायझर दीपेशसरांनी सील दाबलं.

खट्.

आणि आतून…

ठक ठक.



"मॅडम," मुकादम फखरुद्दीन हळूच म्हणाला, "अंदर कोई है."

"अंदर बॉक्स है!" दीपेशसर त्याच्यावर खेकसले. "पहिलंच सील आहे आपलं. तोडलं तर उद्या कस्टमला तू उत्तर देशील?"

"सर, चिंधू…" मी म्हटलं.

"कागदावर खूण कोणाची? तुमचीच ना? मग पोटाचं निमित्त करून कामात गोंधळ घालू नका. मोजा माणसं!"

मी मोजली. हजेरीत अकरा नावं.

समोर अकरा माणसं.

सगळ्यांत शेवटी, निंबाच्या सावलीत, पाठमोरा चिंधू. डोक्यावर त्याचा निळा पंचा. माझा जीव भांड्यात पडला.

ट्रेलर निघाला. फाटकातून वळताना पुन्हा दोन ठोके आले.

मग सगळे जेवायला बसले.

दहा जण.

खिळ्याला एक डबा तसाच लटकत होता. मी उघडला. वरच्या खणात करवंदं होती. मला संध्याकाळी न्यायला म्हणून त्याने वेगळी काढलेली.

निंबाखाली कोणी नव्हतं.

मी दीपेशसरांच्या पाया पडले. गाडी थांबवा म्हणून. ते म्हणाले, "अकरा तुम्हीच मोजले. आता नाटकं नकोत."

संध्याकाळी चिंधूची आई, ठकुबाई, फाटकाशी आली.

"माजा चिंधू कुटं हाय?"

ती एकेकाला विचारत फिरली. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटाकडे बघितलं. "तू तरी सांग गं बाय…"

मी सांगितलं. ती अशी ओरडली, की ते ऐकून गोडाऊनच्या मालकांनी शेवटी बंदरात फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसरांसमोर कंटेनर उघडला. सील शाबूत. नंबर बरोबर. तीनशे बॉक्स, एकही हललेला नाही.

आत कोणी नव्हतं.

पण सगळ्यांत आतल्या भिंतीवर, बॉक्सच्या मागे… तळव्यांचे ओले ठसे होते. खालपासून थेट छतापर्यंत.

चिंधू सापडला नाही. पोलीस झाले, सगळं झालं. माझा कागद मात्र फाइलीत आहे. आत गेला. बाहेर आला. खाली माझी सही.

त्यानंतर गोडाऊनमध्ये हजेरी दहाची असायची. मोजली की माणसं अकरा भरायची. फखरुद्दीनने मोजली, तरी अकरा. आठवड्यात मी नोकरी सोडली.

ठकुबाईचं चुकलं नाही. मला मुलगी झाली. मऊ जावळाची, झोपेत हसणारी माझी चिमणी. आता ती तीन वर्षांची होईल. अंजूरला आम्ही चौघं राहतो.

मागच्या महिन्यात ती आकडे शिकली. जेवताना बोट नाचवत सगळ्यांना मोजते. "आई एक. बाबा दोन. आजी तीन. मी चार."

मग बोट कपाटाकडे जातं.

"तो पाच."

पहिल्यांदा मी हसले. "तो कोण गं, सोन्या?"

"तो. दार उघड ना, आई. त्याला काळोख हाय."

आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. चिंधूबद्दल मी तिच्यासमोर कधी शब्द काढलेला नाही.

ह्यांनी कपाटाची दारं काढून माळ्यावर टाकली. आत फक्त कपडे आहेत. मी रोज बघते. रोज हात घालून बघते.

ती उठलीय बहुतेक. आतल्या खोलीतून मोजल्याचा आवाज येतोय.

घरात आत्ता आम्ही दोघीच आहोत.

ती तीनपर्यंत मोजून थांबलीय.