जिना धुण्याचा आठवडा

राइनहोल्ड आमर यांनी लेखणी हाती धरल्यापासून सरकारशी भांडण मांडलं, क्षेपणास्त्रांच्या तळासमोर रस्त्यात बसून दोनदा तुरुंगाची हवा खाल्ली, पण घरचा जिना काही कधी धुतला नाही. स्टुटगार्टच्या त्या घरात एक लाकडी पाटी दर शनिवारी एका दारावरून दुसऱ्या दारावर जाई. ज्याच्या दारावर पाटी, त्याने तो आठवडा जिना धुवायचा. आमरांचा आठवडा त्यांची बायको लोरेच निभावायची. "मी जगाची घाण काढतोय ना!" ते हसून म्हणत. माणूस आळशी, पण सोन्यासारखा.

वसंतात ते गेले. मागे राहिलं शेवटचं, अजून न छापलेलं पुस्तक. त्यातलं एक प्रकरण याच घरावर होतं. माळ्यावरच्या लेवीन या ज्यू कुटुंबाला युद्धात नाझींच्या हाती कुणी पकडून दिलं, ते त्यात नावानिशी होतं. नाव आमरांच्याच खालच्या मजल्यावरच्या क्राउटर म्हाताऱ्याचं.

"आमरबाई, तुम्हाला इथंच राहायचंय ना?" क्राउटरबाई प्लमचा केक घेऊन आल्या. "आमचे हे ऐंशीचे झाले. आता कशाला उकरून काढता?"

लोरे एकटी होती. आजारी पडली तर औषध आणून देणारं दुसरं कोण होतं? "गाळते ते प्रकरण," ती म्हणाली. नवऱ्याच्या फोटोकडे मात्र तिला बघवेना.

शनिवारी तिने पाटी क्राउटरांच्या दारावर अडकवली. दुपारी पाहते तर ती माळ्याच्या कुलूपबंद दारावर. तिथपासून खाली क्राउटरांच्या दारापर्यंत पायऱ्या ओल्या, व्हिनेगरचा वास. तिथून रस्त्यापर्यंतचा जिना कोरडा.

"हा काय चावटपणा?" क्राउटरबाई कडाडल्या.

"या गुडघ्यांनी मी माळ्यावर चढून चावटपणा करू?"

पाटी परत खाली आली. पुढच्या शनिवारी पुन्हा वर. या वेळी लोरे कठडा धरून वर गेली. कुलूप गंजलेलं होतं. दारावर खिळाही नव्हता, नुसतं भोक. पाटी तरीही लटकत होती.

ती घाईने उतरली, तर क्राउटर म्हातारा ओल्या पायरीवर बसलेला.

"लेवीनबाई पाण्यात व्हिनेगर घालायच्या," तो म्हणाला. "त्यांचाच आठवडा होता. इथवर धुऊन झालं होतं."

"मग?"

"मग त्यांना न्यायला गाडी आली. बादली वाटेत होती, मीच लाथेनं उडवली."

"अहो, आत या आधी!" बाई दारातून ओरडल्या. तो उठला नाही. तो रडत होता. लोरेला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःची चीड आली.

वर जाऊन तिने प्रकाशकाच्या घरी फोन लावला.

"ते प्रकरण राहू दे. जसंच्या तसं."

फोन ठेवला, तर बाहेर ब्रश घासल्याचा आवाज. खाली खाली जाणारा.

तो थांबल्यावर तिने दार उघडलं.

जिना थेट रस्त्यापर्यंत ओला होता. रस्त्याकडचं दार सताड उघडं.

पाटी आता तिच्या दारावर होती. शेजारी जुनी पत्र्याची बादली, एका बाजूने चेपलेली.

लोरेने पाण्यात बोटं बुडवली.

पाणी अजून कोमट होतं.