मशीन गप्प झाल्यावर

तेजश्रीला वाटलं, माणूस तान्हं बाळ घेऊन आलाय.

दुकानाचं काचेचं दार खांद्यानं ढकलत तो आत शिरला, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. गुलाबी चौकड्यांचा जाड सोलापुरी टॉवेल, कडा नीट आत खोचलेल्या. ती लगबगीनं म्हणाली, "बाळांचे डॉक्टर शेजारच्या दारात. हे श्वासाच्या मशीनचं दुकान आहे."

"बाळ न्हाय मॅडम," तो म्हणाला. म्हणाला कसला, ओरडलाच! खुर्चीत पेंगणारे दोन पेशंट दचकून जागे झाले. "मशीनच हाय. पण रडतंय लई."

तेजश्रीला हसू आवरेना. सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळच्या त्या दुकानात तिला सहा वर्षं झाली होती. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांना नाकावाटे हवा देणारं मशीन बसवून द्यायचं, मास्क बेतायचा, तक्रारी ऐकायच्या, हे तिचं काम. पण मशीनला दुपट्यात घालून आणणारा हा पहिलाच.

नाव यशपाल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारा. चालत्या लूमपाशी उभ्याउभ्या डुलकी लागली, बोटं थोडक्यात वाचली, तेव्हा डॉक्टरांनी हे मशीन लावायला सांगितलं. नवे लूम बसवायला त्याला इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव असं फिरावं लागे. म्हणून प्रवासात नेता येईल असं हे लहानसं.

"एका खोलीत आमी सहा जण झोपतो," तो म्हणाला. "मशीन चालू केलं की सगळे बोंबलत्यात. 'यशपाल, तुझं इमान उतरव की!' म्हणून टॉवेल गुंडाळला, तर ह्यानं आणखीच गळा काढला."

"हळू बोला. मी इथंच आहे, समोर."

तो ओशाळला. "सवय हाय ओ, लूमच्या शेडची."

तिनं टॉवेल सोडला. "तुमच्या तोंडावर उशी दाबली तर तुम्ही गप्प पडून राहाल, की धडपडाल?"

"धडपडीन की."

"मग हे बिचारं वेगळं काय करतंय? हवा आत घ्यायची वाटच बंद केलीत तुम्ही." तिनं मागचं झाकण उघडून फिल्टर काढला आणि डोळेच मोठे केले. पांढऱ्या फिल्टरवर कापसाच्या तंतूंचा थर बसला होता. चिमटीत धरून वात वळता आली असती. "हे घेऊन शेडमध्ये झोपता?"

"रातपाळी असली की दुपारचं तितंच पडतो. हापिसात."

ही चूक सोलापूरच्याच माणसानं करावी. आधी मशीनला कापूस खाऊ घालायचा आणि वरून टॉवेल पांघरायचा!

नवा फिल्टर बसवला तरी बारीक गुणगुण राहिलीच. ती नीट ऐकू यावी म्हणून तेजश्रीनं कूलर बंद केला. एप्रिलच्या दुपारी सोलापुरात कूलर बंद करायला काळीज लागतं. पेशंट निघून गेले होते. मालक मायाप्पाकाका जेवायला गेलेले. घामाचे थेंब कपाळावर येऊ लागले आणि दोघं टेबलावर वाकून त्या एवढ्याशा यंत्राचा श्वास ऐकत राहिली.

यशपालनं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक मशीनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. मग तोच स्क्रू ड्रायव्हर टेबलाला लावला.

"मशीन सरळ हाय. टेबलच वाजतंय. ऐका."

त्यानं मूठ तिच्याकडे केली. तिनं कान जवळ नेला... त्याच्या हाताला तेलाचा आणि सुताचा वास होता. तिला टेबलाची घरघर ऐकू आली, आणि त्याहून मोठ्यानं स्वतःच्या छातीतली धडधड. हे काही बरं लक्षण नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

"खाली रबराची गादी ठेवा," ती घाईघाईनं सरळ झाली. "लांब नळी लावून मशीन पायथ्याशी, जमिनीवर. झाकायचं मात्र नाही."

"न्हाय झाकत. पर ती शिट्टी कसली वाजती मधनंच?"

त्यानं मास्क लावून दाखवला. नाकाखालून खरंच शिट्टी निघत होती. तेजश्रीनं पाहिलं आणि नजर वळवली. "तिथून हवा सुटते. मास्क नीट टेकत नाही... मधे मिशी येते."

"मग काढू?"

"मी कुठं म्हणाले काढा म्हणून? दुसऱ्या प्रकारचा मास्क मागवते. आठ दिवसांनी या."

आठ दिवसांनी नवा मास्क आला आणि यशपालही आला. मिशी नव्हती. ओठांवरची कोरी, जरा फिकट जागा बघून तिला उगाचच लाजायला झालं.

"अहो, मास्क मागवला होता ना मी!"

"असू द्या. शेडातले बी मागं लागले होते. लूम चालू असले की कान कामाचे न्हाईत. आमी एकमेकांच्या ओठांवरनं बोलणं वाचतो. मिशीपायी माझं कुणाला नीट वाचता येईना."

तेजश्रीला हे नवीन नव्हतं. तिची आई, पारूबाई, तीस वर्षं अशाच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत होती. कान तिनं तिथंच घालवले आणि आता ती सगळ्यांचे ओठ वाचायची; तेजश्रीला मात्र ते कधी जमलं नव्हतं. पण तेजश्री त्यातलं काही बोलली नाही. त्याला सांगू दिलं. त्यानं सांगावं आणि आपण ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

"म्हणजे तुमच्या शेडमध्ये गुपित बोलायची सोयच नाही."

"तितं कुटलं गुपित? तितं सगळे वाचत्यात." तो हसला. "गुपित बोलायचं तर हितं. हितं कुणाला येतंय वाचायला?"

मग तो दोन महिन्यांसाठी मालेगावला गेला.

त्याच्या मशीनचा हिशेब रोज सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उमटायचा. किती तास झोपला, हवा कितीदा सुटली. यादीत चाळीस पेशंट होते. तेजश्री आल्याआल्या, पर्स खांद्यावरून उतरवायच्या आत, त्याचं नाव उघडायची. सहा तास दहा मिनिटं. सहा तास चाळीस. हवा जरा जरी सुटलेली दिसली की तिला कोण आनंद व्हायचा... फोन करायला कारण मिळायचं.

"मास्कचा पट्टा ढिला झालाय तुमचा."

"तुमाला तितनं दिसलं व्हय?"

"मला सगळं दिसतं."

"सगळंच?" आणि पलीकडे नुसतं हसू.

ती सांगे, तो पट्टा आवळे. ती सांगे, तो नळी धुवे. गादी, नळी, मास्क, एकेक गोष्ट जागेवर बसली. महिन्याभरात आकडे आरशासारखे स्वच्छ झाले. खोलीतले पाचही जण आता गाढ झोपतात, असं त्यानं कळवलं. आणि त्या दिवशी तेजश्रीच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. मशीन इतकं सरळ झालं, की त्याला आता तिची गरजच उरली नव्हती. सात दिवस फोन नाही, बारा दिवस नाही. डब्यातली भाजी तिला गोड लागेना. कुणी दार ढकललं की मान आपोआप वर व्हायची.

आणि मग आकडे घसरले. चार तास. तीन. अडीच. हवा कुठेच सुटत नव्हती, आवाजाची तक्रार नव्हती. तिनं पुस्तिका पालथी घातली, कंपनीला विचारलं. दोष काही सापडेना. शेवटी न राहवून तिनं फोन केला.

"झोप का होत नाही तुमची?"

"मशीनचं काय न्हाय त्यात... शनिवारी येतो दुकानात. सुरतला नोकरी लागलीय, कायमची. तुमाला सांगूनच जाणार होतो."

कायमची. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ हातातला मास्क पुसत राहिली. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

शनिवारी दुकान गच्च भरलेलं. मायाप्पाकाका गल्ल्यावर, पाच पेशंट रांगेत, आणि तेजश्रीचा घरी राहिलेला डबा घेऊन आलेली पारूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत. यशपाल आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीवर बॅग. त्यानं पारूबाईला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. पेशंटबरोबर आलेली कुणी म्हातारी, एवढंच.

"नवीन फिल्टर द्या. सहा महिने पुरतील एवढे."

तिनं मोजून दिले. एवढ्या माणसांत दुसरं काय बोलणार? "मशीन झाकू नका."

"न्हाय."

"शेडमध्ये ठेवू नका."

"न्हाय ठेवत." तो घुटमळला. "बरं... गाडी हाय पाचची."

दार बंद झालं. तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुढच्या पेशंटच्या फायलीत लपवलं. तरी मान वर झालीच. यशपाल काचेपलीकडे, पायरीवर उभा होता, तिच्याकडे बघत. रिक्षांचा, बसचा नुसता कल्लोळ. त्याचे ओठ हलले. सावकाश, अगदी सावकाश. 'येतो' म्हणत असेल, असं समजून तिनं हात हलवला.

कोपऱ्यातून पारूबाई खुदकन हसली.

"काय झालं आई?"

"पोरगं शेडातलं हाय व्हय गं? किती चोख बोलतंय!"

"काय बोलतोय?"

ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. पारूबाईनं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "म्हणतंय, मशीन गप झालं, पन झोप न्हाय. तुझा फोन येत न्हाय. घरी येऊन मागणी घालायची हिंमत होत न्हाय, म्हणून जातोय."

मायाप्पाकाकांच्या हातातलं पेन थांबलं. रांगेतले पाचही पेशंट काचेकडे वळले. पायरीवर यशपालला काय झालं ते कळेना. सगळं दुकान आपल्याकडे का बघतंय म्हणून तो गडबडला आणि जायला वळला.

"आता बसलीस कशाला?" पारूबाई म्हणाली. "जा की!"

तेजश्री धावली. पण दार उघडायचंच विसरली. काचेवर दोन्ही तळवे टेकून तिनं ती ठोकली. तो वळला. आवाज न करता, एकेक अक्षर सुटं करत, ती ओठांनी बोलली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती आईच्या भाषेत बोलत होती. तिची पाठ दुकानाकडे होती, त्यामुळे ते पारूबाईलाही वाचता आलं नाही.

यशपालनं मात्र वाचलं. त्याच्या हातातली फिल्टरची पिशवी पायरीवर पडली.

पाचची गाडी त्यानं सोडली नाही. नोकरीवर हजर व्हायचंच होतं. पण जाण्याआधी, तेजश्रीनं 'ही माझी आई' म्हणून सांगितल्यावर, तो पारूबाईशेजारच्या खुर्चीत बसला आणि येत्या महिन्यात आईवडिलांना कधी घेऊन येऊ, ते तिला एक शब्दही मोठ्यानं न उच्चारता विचारून गेला.

सोमवारी सकाळी तेजश्रीनं पर्स खांद्यावर तशीच ठेवून कॉम्प्युटर उघडला. सुरतेतली पहिली रात्र. सात तास पन्नास मिनिटं.

तिनं लगेच फोन लावला. या वेळी कारण काहीच नव्हतं.