खारझिऱ्याच्या वेशीवरचा आकडा

खारझिऱ्यात वार ओळखायला कॅलेंडर लागत नाही, गटार पुरतं. सोमवारी निळं, बुधवारी तांबडं, शनिवारी सगळ्या रंगांची खिचडी. त्यामुळे रंगारी गल्लीच्या गटारातून सलग आठ दिवस साधं मळकट पाणी वाहिलं, तेव्हा माणसं ओट्यावर उभी राहून ते बघायची. गिरणीच्या संपातही असलं पाणी दिसलं नव्हतं, असं म्हातारे सांगत होते.

हे घडवलं केतकी पतंगेनं. नगरपरिषदेत जनगणनेचं टेबल तिच्याकडे. घरोघरी याद्या घेऊन फिरणारे शाळामास्तर आता इतिहासजमा झाले होते. गटाराच्या तोंडाशी एक गाळणी-यंत्र बसवायचं. प्रत्येक माणसाच्या शरीरातून जे पाण्यात जातं, त्यात त्याची स्वतःची अशी जैवखूण असते. यंत्र आठ दिवस त्या खुणा मोजतं आणि गावाची लोकसंख्या सांगतं. गाव त्याला सरळ गटारगणना म्हणायचं.

पहिल्या गटारगणनेत आले एकतीस हजार, आणि गावाचं धाबं दणाणलं. चाळीस हजारांच्या खाली गेलं की नगरपरिषद मोडणार आणि साठ खाटांचा दवाखाना जिल्ह्याला हलणार, असा नवा नियम होता. फेरमोजणी एकदाच मिळणार होती. दहा हजार माणसं काय हवेत विरली? केतकीनं खोदून काढलं, की माणसं जागेवरच आहेत, रंगातली रसायनं त्यांच्या खुणा खाऊन टाकतात. मग ती वडिलांना बरोबर घेऊन एकेका डाईंग कारखान्यात गेली आणि आठ दिवस बॉयलर बंद ठेवा म्हणून मालकांपुढे हात जोडले.

वडील म्हणजे दिगू मास्तर, चाळीस वर्षं रंगाच्या हौदावर काढलेले. हौदात खार नीट पडला का, हे ते बोट बुडवून जिभेला लावून सांगायचे. मीटर आले, पण कामगार मीटर बघून शेवटी मास्तरांच्याच तोंडाकडे बघायचे. त्यांचा शब्द मोडायची गल्लीत कुणाची छाती नव्हती, म्हणून तर बॉयलर थांबले.

शुक्रवारी निकाल आला. एकेचाळीस हजार तीनशे सहा. गावानं पेढे वाटले. इथली जुनी रीत अशी, की प्रत्येक मोजणीनंतर वेशीवरच्या दगडी पाटीवर गल्लीतल्या सर्वांत ज्येष्ठ रंगाऱ्यानं नवा आकडा लिहायचा, आणि जुना पुसायचा नाही. पहिला आकडा अकराशेचा. त्याच्याही आधी इथं फक्त खारा झरा होता आणि त्या पाण्यात लाल रंग पक्का बसायचा, म्हणून चार रंगारी येऊन राहिले. मग गिरणी आली, अठरा हजार. गिरणी बुडाली, बारा. यंत्रमाग आले, पस्तीस. डाईंग आली, एकेचाळीस. यंदाचा मान दिगू मास्तरांचा होता. गल्लीतला सर्वांत ज्येष्ठ रंगारी, वय वर्षं एकसष्ट. त्याहून म्हातारा रंगारी गल्लीत नाही, यात काही वावगं आहे, असं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

केतकी मात्र हातातला पेढा तसाच धरून मुख्याधिकारी नाईकवडींसमोर बसली होती. निकालाला दुसरं पान होतं. पाणी स्वच्छ मिळाल्यामुळे यंत्रानं आधी वाचता न आलेलंही वाचलं होतं. मूत्राशयाच्या कर्करोगाची खूण, एक हजार नऊशे बारा माणसांत. बहुतेक सगळी रंगारी गल्लीच्या गटारातली. यंत्राला गल्ली कळते, नाव कळत नाही.

"हे पान फायलीतच राहू द्या, मॅडम," नाईकवडी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "बाहेर गेलं की डाईंगला कुलूप. कुलूप लागलं की माणसं पोटापाण्यासाठी गाव सोडणार. पाच वर्षांनी आपण पुन्हा तीस हजारांवर, आणि दवाखाना गेला. मग या आजाऱ्यांना नेणार कुठं?"

"आणि सांगितलंच नाही, तर ते दवाखान्यात येतील कशाला, साहेब?"

नाईकवडींनी ते पान तिच्याकडे सरकवलं. "उद्या सातला बॉयलर पेटतील," ते म्हणाले. "पाण्यात रंग उतरला की हे पान खरं का खोटं, पुन्हा कुणाला तपासता यायचं नाही. तोवर ठरवा. मी अडवणार नाही, पण पाठीशीही उभा राहणार नाही."

दुपारी केतकी वेशीवर गेली तेव्हा मास्तर पाटीसमोर स्टूल मांडून बसले होते. रंगाचा डबा उघडून त्यांनी बोट बुडवलं आणि नेहमीसारखं जिभेकडे नेलं. तिनं मनगट धरलं.

"अगं, सवय," ते हसले.

"आबा, एक विचारते, लाजू नका. लघवी लाल होते तुमची?"

"रंगाऱ्याचं पाणी रंगीतच, केतू. तुझ्या आजोबांचंही होतं. नव्या गड्याला पहिल्यांदा लाल झाली की अख्खं खातं त्याला चहा पाजतं. रंगारी झालास म्हणून."

हा चहा केतकीनं लहानपणापासून पाहिला होता.

"आठ दिवस हौदाला हात लावलाय तुम्ही?"

"कुठला? बंदच आहे की सगळं."

"मग आज सकाळी?"

मास्तरांनी बोटावरचा रंग फडक्याला पुसला. पुन्हा पुसला. "लालच होती," ते म्हणाले.

मग तिनं सगळं सांगून टाकलं, दुसरं पान, दवाखाना, उद्याचे सात. सांगता सांगता तिला रडू आलं. वडिलांचा तिला राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण आठ दिवस बॉयलर थांबल्याचा आनंद तिला फक्त आकड्यासाठी झाला होता. ती थांबल्यावर मास्तर पाटीकडे वळले आणि त्यांनी आकडा लिहिला, ४१,३०६. खाली आणखी एका आकड्यापुरती बोटभर जागा कोरी ठेवली.

"ते एकोणीसशे बारा ह्यातलेच ना गं?" त्यांनी आकड्याकडे बोट केलं.

"ह्यातलेच, आबा."

त्यांनी ब्रश तिच्या हातात दिला आणि खालची कोरी जागा दाखवली.

"मग पाच वर्षांनी मोजायला येतील, तेव्हा आमच्या जागी तुम्ही नगरपरिषदवाले कुणाला उभं करणार आहात?"