मयताहून थेट घरी

आमच्या सारियाया गावात बाजार ते समुद्रकाठ अकरा जीपनी, म्हणजे लांबोड्या प्रवासी जीपगाड्या, धावतात. दहा पुरुष चालवतात, अकरावी मी. बाबांचा पाय गेला तेव्हापासून. मागच्या दारानं चढायचं, समोरासमोरच्या बाकड्यांवर बसायचं आणि उतरायचं असलं की छतावर ठोकायचं.

सेपा आजी केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात विकायची. आधी तिची टोपली चढायची, मग एक गुडघा, मग दुसरा. मागचे जीपनीवाले तेवढ्यात गाड्या पुढे घुसवायचे आणि मला हसायचे. मी तिच्यावर खेकसायचे, "आटप गं आजी! तुला वेळ लागतो, मला उशीर होतो."

त्या मंगळवारी भर दुपारी तिनं चिंचेच्या वळणावर हात केला. मी पाहिलं, आणि पाहूनही वेग वाढवला. ती टोपली घेऊन चालत निघाली आणि उन्हात कोसळली.

मी तिच्या मयताला गेले. तिची मुलगी मिलाग्रोस माझे हात धरून म्हणाली, "तेसी, आईला रोज तूच आणायचीस गं."

मला मान वर करवेना. मयताहून थेट घरी जायचं नसतं. वाटेत कुठंतरी टेकायचं, म्हणजे गेलेलं माणूस मागे येत नाही. सगळे बेकरीत थांबले. मला लाजेनं कुणाला तोंड दाखववेना. मी गाडी सरळ घरी नेली.

दुसऱ्या दिवशी गाडी मागून एका अंगाला कलली. मिस्त्रीनं स्प्रिंगचे पाटे बदलले, तरी तशीच. दाराजवळची जागा रिकामी राहू लागली.

"आत सरका ना," मी ओरडले.

"कशी सरकू? बसलंय ना इथं," एक बाई म्हणाली, आणि मग स्वतःच त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

गाडीत केळीच्या वाफाळल्या पानांचा वास येत होता.

नवव्या दिवशी प्रार्थनेसाठी फुलं घेऊन मिलाग्रोस चढली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. ती त्या जागेला खेटून बसली. आज सांगायचंच, मी ठरवलं. चिंच आली.

"ताई, त्या दिवशी मी तिला पाहिलं होतं."

"माहीत आहे."

मी आरशात पाहिलं. ती बाजूला कान झुकवून बसली होती.

तिनं छतावर ठोकलं. उतरली. एकटीच.

मी इंजिन बंद केलं आणि थांबले. कितीही वेळ लागो.

मिलाग्रोस खिडकीशी आली.

"तू नीघ, तेसी. आई म्हणते, तिला उतरायला वेळ लागतो. तुला उशीर होईल."