लितियाचे हात

सुवा शहरातल्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एका उंच डॉक्टरने नवख्या डॉक्टर लितियाची छत्री सरळ तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर धरली.

“ए, चोरा!”

“चोर कसला? बिल्ल्यावरच्या आडनावावरून गाव कळलं तुझं. आपली गावं तौवू आहेत… रागवायचं नाही!”

तौवू गावांचा मूळपुरुष एक. एकमेकांची वस्तू न विचारता उचलावी, तोंडाला येईल ते बोलावं आणि समोरच्याने हसून सोडून द्यावं, ही वाडवडिलांची रीत. लितियाही काही कमी नव्हती.

“घे बाबा, घे. तुमच्या गावात छत्री पाहिलीय कुणी?”

जोने त्याचं नाव, सर्जरीतला तिचा सीनियर. वर्षभर त्यांची अशीच जुगलबंदी चालली. टेबलावर ती टाका घालत असली की तो मास्कआडून बघत राहायचा… आणि तिला ते कळायचं. एका संध्याकाळी समुद्राकाठच्या कठड्यावर, एकाच कागदातली रोटी खाताना, त्याने हळूच तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. आठवड्याभरात साऱ्या वॉर्डला खबर!

पुढच्याच महिन्यात निकाल लागला. सर्जरीच्या शिक्षणाची जागा एकच होती, ती तिच्याच बरोबरीच्या अपिसाईला मिळाली. लितियाला सल्ला मिळाला: मुलांच्या वॉर्डात जा. दोघांचेही शेरे जोनेनेच लिहिले होते, कठड्यावरच्या त्या संध्याकाळच्या आधी. अपिसाईने आनंदाच्या भरात आपला कागद तिला दाखवला. ‘हात पक्का. निर्णय झटपट. उत्तम सर्जन होईल.’

तिच्या कागदावर होतं, ‘गोड स्वभाव. पेशंटना धीर देते. सर्वांची लाडकी.’

“माझ्या हातांबद्दल एक अक्षर नाही, जोने.”

“अगं, कौतुकच केलंय! किती मनापासून लिहिलं…”

“ते फाटलेलं आतडं कुणी शिवलं?”

“तू.”

“आणि हात कुणाचा थरथरत होता?”

“अपिसाईचा. पण तो… होईल तयार, असं वाटलं.”

“मला वाटायचं, तू माझे टाके बघतोस.”

जोने खाली बघत म्हणाला, “तुझे डोळे बघायचो.”

एरवी ती लाजली असती. आता तिला रडू फुटलं.

“उद्याच पत्र देतो वरिष्ठांना.”

“आता? तू माझा आहेस हे शिपायालासुद्धा ठाऊक आहे. तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?”

“तौवूवर रागवायचं नसतं, लितिया…”

“छत्री नेलीस, रागावले नाही. रोटीचा मोठा तुकडा नेलास, तेव्हाही नाही. हे मात्र न्यायचं नव्हतंस रे.”

उत्तरेच्या बेटावरच्या हॉस्पिटलात माणसं कमी होती. तिथे वर्षभर काम करून ती पुन्हा अर्ज करणार होती, दुसऱ्या कुणाच्या तरी शेऱ्यावर. धक्क्यावर पाऊस कोसळत होता. जोने तिच्यावर तिचीच ती छत्री धरून उभा होता.

“मी येऊ तिकडे?”

“नको. प्रेम आहे माझं तुझ्यावर, खूप आहे… पण तू शेजारी असलास, की माझं काम कुणाला दिसत नाही.”

ती बोटीवर चढली. दोर सुटल्यावर त्याच्या ध्यानात आलं, छत्री त्याच्याच हातात राहिली होती.

“लितिया! छत्री!”

तिने मान हलवली… राहू दे. डेकवर ती चिंब भिजत होती, कठडा घट्ट धरून. पहिल्यांदाच जोनेची नजर तिच्या डोळ्यांवरून खाली, हातांवर गेली. ते जराही थरथरत नव्हते.