धाग्याला सांगितलेलं वय

"हल्लीच्या पोरींना दम म्हणून नाही. घरी उडी मारली असणार, आणि आता नाव धाग्याचं," दाभाडे सर तोंडातल्या तोंडात पुटपुटले. कुमुदिनी बारटक्के त्यांना खेटूनच उभ्या होत्या. त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला.

साताऱ्याच्या बालअस्थी रुग्णालयात आर्वी पाय पसरून पलंगावर बसली होती. केसपेपरवर वय वर्षे दहा. दोन महिन्यांपूर्वी सरांच्या आखाड्यात मल्लखांबावरून उतरताना ती पडली होती. मुलांच्या गुडघ्यातला बंध चिवट आणि हाड कोवळं. त्यामुळे बंध तुटत नाही, नडगीच्या हाडाचा टवका उपटून वर नेतो. तो टवका कुमुदिनीबाईंनी घडवलेल्या वर्धिष्णू धाग्याने जागेवर बांधला होता. आजच्या एक्स-रेमध्ये तो पुन्हा उचललेला होता.

"म्हणजे परत चिरफाड?" आर्वीची आई रूपाली म्हणाली.

"परत. आणि या वेळी गुडघा पूर्ण वाकेलच, असं नाही सांगू शकत," डॉ. नाईकनवरे म्हणाले. "बाई, धागा ढिला पडलाय तुमचा."

"धागा सांगितल्याबरहुकूम वागलाय!" कुमुदिनीबाई उसळल्या. "साधा दोरा हाडाची वाढ-रेषा जखडतो, पाय आखूड राहतो. म्हणून हा वयाच्या हिशेबाने आपला आपण लांबतो. दहा वर्षांची मुलगी भराभर वाढणार, तेवढा तो लांबला. हाड का नाही वाढलं?"



बाईंनी पहिल्या दिवशीचा एक्स-रे पडद्यावर ओढला. वाढ-रेषा जवळजवळ मिटलेली, म्हणजे हाडाची वाढ संपत आलेली. "डॉक्टर, हे दिसलं नव्हतं तुम्हाला?"

"दिसलं होतं. पण धाग्याला वय सांगणारं यंत्र जन्मदाखल्याचीच तारीख घेतं. दाखल्याशी कोण भांडणार?"

बाईंचा राग आणखीच चढला, कारण त्यातला थोडा त्यांच्या स्वतःच्याही वाट्याचा होता. त्यांनी तरी कुठे एक्स-रे पाहिला होता? कागद पाहिला आणि धागा लावला.

"सर, बारा वर्षांखालच्या गटात हिची पदकं किती?"

"पदकांचा इथे काय संबंध? पोरगी काटकुळी आहे, म्हणून हाड वाढलं नाही, एवढंच."

रूपालीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "उडी मारली असंच लिहा ना, मॅडम. तिचं काही म्हणणं नाही."

"तिला विचारलंत?" बाई म्हणाल्या. "याच तारखेवर नवा धागा लावला, तर तोही असाच ढिला पडेल. तिसऱ्यांदा बांधायला हाड उरायचं नाही. मला तारीख हवीय. दाखल्यावरची नको."

सरांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. आईने मान खाली घातली.

आर्वीने चादर गुडघ्यावर ओढून घेतली.

"मी उडी नाही मारली, काकू. मला चौदा पूर्ण झालीत. पाळी येऊनच दोन वर्षं झाली."